कर्णधाराचं नेमकं काय चुकलं?

‘शेवटची ओव्हर त्याला द्यायलाच नको होती.’ एवढ्या एका वाक्यावर दापोडीत तासभर वाद रंगू शकतो. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून सुटलेली मंडळी, रेल्वे स्टेशनवर लोकलची वाट पाहणारे, फुगेवाडी-कासारवाडीच्या कारखान्यांतून सेकंड शिफ्ट करून आलेले, सगळ्यांकडे आपापला संघ, आपापला फलंदाजीचा क्रम आणि आपापला शेवटच्या षटकाचा गोलंदाज तयार असतो. या भागाला क्रिकेट दूरचं नाही. पवना ओलांडली की जुनी सांगवी, म्हणजे ऋतुराज गायकवाडचं गाव. तो जिथे घडला ती वेंगसरकर अकादमी थेरगावात. आणि लोणावळ्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं गहुंज्याचं स्टेडियम. इथला प्रेक्षक निर्णयांवर बोलतो तेव्हा घरच्या माणसाबद्दल आणि घरच्या मैदानाबद्दल बोलत असतो.

कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्या निर्णयांवरचा हा वाद जुना आहे आणि तो चालू राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण गेल्या पाच दशकांतले गाजलेले निर्णय एकापुढे एक मांडले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपला आवाज सर्वात जास्त चढतो तो शेवटच्या तासातल्या निर्णयांवर, आणि तोवर कर्णधाराच्या हाती फारच थोडं उरलेलं असतं. संघनिवड, खेळपट्टी, षटकांची राखण असे ज्या निर्णयांनी सामन्याला वळण दिलेलं असतं, ते चर्चेत मागे पडतात. हा आढावा त्या उलट्या क्रमाचा आहे.

शेवटचं षटक

सर्वात प्रसिद्ध उदाहरण 24 सप्टेंबर 2007 चं. जोहान्सबर्गला पहिल्या टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, पाकिस्तानला सहा चेंडूंत 13 धावा हव्यात, एकच गडी शिल्लक. हरभजनसिंगचं एक षटक बाकी होतं, पण त्याच्या आधीच्या षटकात मिसबाह-उल-हकने त्याला षटकार खेचले होते. महेंद्रसिंग धोनीने चेंडू जोगिंदर शर्माकडे दिला. पहिला वाईड, मग एक निर्धाव चेंडू, मग षटकार. चार चेंडूंत सहा धावा उरल्या असताना मिसबाहने चेंडू मागे उचलला आणि शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतने झेल घेतला. भारत पाच धावांनी जिंकला आणि धोनीची दूरदृष्टी घराघरांत सांगितली जाऊ लागली.

तो झेल थोडा पलीकडे पडला असता तर? निर्णय तोच, गोलंदाज तोच, कारणंही तीच. फक्त गोष्ट वेगळी सांगितली गेली असती, आणि हरभजनला न वापरणारा कर्णधार म्हणून धोनीवर वर्षानुवर्षं टीका झाली असती. त्या क्षणी धोनीपुढचा प्रश्न खरं तर साधा होता. नुकताच मार खाल्लेला अनुभवी फिरकीपटू, की कमी अनुभवाचा पण फलंदाजाला वेग न देणारा मध्यमगती? दोन्ही पर्याय सोसण्यासारखे होते, दोन्हींत धोका होता. अशा ठिकाणी आपण निकाल पाहून शहाणपण ठरवतो आणि ते शहाणपण कर्णधाराच्या नावे जमा किंवा वजा करतो.

मर्यादित षटकांच्या खेळात खरा कस आधी लागतो. टी-20 मध्ये एका गोलंदाजाला चारच षटकं मिळतात, एकदिवसीय सामन्यात दहा. म्हणजे वापरलेलं षटक परत येत नाही. कसोटीत गोलंदाज चालला नाही तर त्याला थांबवून तासाभराने पुन्हा आणता येतं, तिथे चूक दुरुस्त करायला वाव असतो. टी-20 मध्ये आपला सर्वात भरवशाचा गोलंदाज पहिल्या सहा षटकांत किती खर्च करायचा आणि शेवटासाठी किती राखायचा हे ठरलं की एकोणिसावं, विसावं षटक कुणाला जाणार हे जवळपास ठरतंच. विसाव्या षटकावर भांडणाऱ्याने आधी सातव्या-आठव्या षटकात काय झालं ते आठवावं. तिथे कुठला गोलंदाज चालत असताना थांबवला, कुठला चालत नसताना चालू ठेवला, यात उत्तर सापडण्याची शक्यता अधिक असते.

चौथ्या नंबरवर कोण?

फलंदाजीच्या क्रमाचा वाद थोडा वेगळा आहे, कारण मैदानात गेलेला फलंदाज परत बोलावून क्रम सहसा बदलता येत नाही. इथला सर्वात उजळ दाखला एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत आहे. मार्च 1994 मध्ये ऑकलंडला नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली. सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याची संधी मागितली. संघाचे व्यवस्थापक अजित वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांनी ती दिली. त्याने 49 चेंडूंत 82 धावा केल्या, आणि एकदिवसीय क्रिकेटच्या इतिहासातला सर्वात यशस्वी सलामीवीर त्या दिवशी सापडला. या निर्णयात खेळाडूची इच्छा होती, कारण होतं, आणि फसला असता तर पुढच्या सामन्यात जुन्या जागी परतण्याची सोय होती. चांगल्या प्रयोगाची तिन्ही लक्षणं एकत्र आली होती.

2001 च्या कोलकाता कसोटीतही तसंच. फॉलोऑननंतर व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि राहुल द्रविड सहाव्यावर आला. पहिल्या डावात लक्ष्मणने 59 धावा करून चेंडू उत्तम दिसत असल्याचं दाखवून दिलं होतं. तो ताजा पुरावा वापरला गेला. पुढे 281 आणि 180 धावांचं जे झालं ते सर्वांना पाठ आहे.

2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनी युवराजसिंगच्या आधी, पाचव्या क्रमांकावर आला. युवराज त्या स्पर्धेत फॉर्मात होता, त्यामुळे त्या क्षणी अनेकांच्या भुवया उंचावल्या असणार. पण खेळपट्टीवर डावखुरा गौतम गंभीर होता, समोर मुथय्या मुरलीधरन आणि सूरज रणदीव हे ऑफस्पिनर होते, आणि मुरलीला धोनी चेन्नई संघातून ओळखत होता. उजव्या-डाव्याची जोडी ठेवणं हे सरळ क्रिकेटचं कारण होतं. गंभीरच्या 97 आणि धोनीच्या नाबाद 91 धावांनी विश्वचषक आला. आठ वर्षांनी मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था 3 बाद 5 आणि मग 4 बाद 24 झाली, तरी धोनी दिनेश कार्तिक आणि हार्दिक पंड्या यांच्यानंतर, सातव्या क्रमांकावर आला. भारत 18 धावांनी हरला. धोनी लवकर बाद झाला तर पाठलागच संपेल, असं संघाच्या बाजूने सांगितलं गेलं. मला ते पुरेसं पटत नाही. चेंडू स्विंग होत असताना डाव सावरणं हे अनुभवी माणसाचंच काम होतं, आणि ती गरज चार गडी बाद होताच दिसत होती. इथे टीका निकालाच्या आधीही करता आली असती, म्हणून ती टिकते.

आपल्या ऋतुराजवरही हा प्रसंग आला. आयपीएलमध्ये चेन्नईचं कर्णधारपद 2024 मध्ये त्याच्याकडे आलं. 2025 च्या हंगामात त्याने सलामी सोडून स्वतःला तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं आणि मधली षटकं सांभाळण्याची जबाबदारी घेतली. सांगवी-दापोडीत ते कुणाला रुचणार? ज्याने नोव्हेंबर 2022 मध्ये विजय हजारे करंडकात एका षटकात सात षटकार मारले, त्याने नवा चेंडू दुसऱ्याला का द्यावा? भावना खरी आहे. पण रहाणे आणि रायुडू यांच्या काळात जी मधली फळी घट्ट होती ती सैल झाली होती, हेही खरं. पुढे कोपराच्या दुखापतीने त्याचा हंगामच संपला, त्यामुळे त्या निर्णयाची परीक्षा पूर्ण झाली नाही. असा अर्धवट राहिलेला प्रयोग ‘फसला’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

नाणेफेक, फॉलोऑन, डाव घोषित

1996 च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवर अझरुद्दीनने श्रीलंकेला आधी फलंदाजी दिली. संध्याकाळी खेळपट्टी फुटली, 1 बाद 98 वरून भारत 8 बाद 120 वर कोसळला आणि प्रेक्षकांच्या रागाने सामना थांबवावा लागला. पाठलागात श्रीलंका तेव्हा सर्वात घातक संघ होता, म्हणून त्याला पाठलाग करू न देण्यामागे तर्क होता. खेळपट्टीचा अंदाज मात्र चुकला. ऑक्टोबर 2024 मध्ये बेंगळुरूला ढगाळ हवेत फलंदाजी घेऊन भारत 46 धावांत बाद झाला, आणि खेळपट्टी वाचण्यात आपण चुकलो हे रोहित शर्माने उघड मान्य केलं. कर्णधाराने असं स्पष्ट बोलणं वादाचा दर्जा वाढवतं. लोकांना कारण कळलं की राग अभ्यासाकडे वळतो.

नियम माहीत असण्याचं मोल वाडेकरांनी 1971 मध्ये किंग्स्टनला दाखवलं. पहिला दिवस पावसात गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला, आणि फॉलोऑनसाठी 150 ची आघाडी पुरेशी झाली. दिलीप सरदेसाईंच्या 212 धावांमुळे भारताची आघाडी 170 होती. वाडेकरांनी गॅरी सोबर्सना पुन्हा फलंदाजी करायला सांगितलं. सामना अनिर्णित राहिला, पण वेस्ट इंडीजला फॉलोऑन देणारा भारत मालिकेत मानसिकदृष्ट्या वर राहिला. पुढच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत त्यांनी सलीम दुराणींच्या हाती चेंडू दिला आणि दुराणींनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स हे दोन्ही मोहरे टिपले. त्याच वर्षी ओव्हलला चंद्रशेखर यांनी 38 धावांत सहा बळी घेतले, इंग्लंड 101 धावांत बाद झालं आणि भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. वाडेकर निवड समितीच्या अध्यक्षांच्या, विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधार झाले होते. तोवर कर्णधार असलेल्या पतौडींना बाजूला सारल्याचा रोष तेव्हा मोठा होता. त्या वादाला निकालाने उत्तर दिलं असं आपण म्हणतो. मी म्हणेन, निर्णयामागच्या तयारीने दिलं.

मुलतानला 2004 मध्ये तेंडुलकर 194 वर नाबाद असताना द्रविडने डाव घोषित केला. भारत एक डाव आणि 52 धावांनी जिंकला, तरी वाद मिटला नाही. यावरून कळतं की काही भांडणं निकालाची नसतातच. खेळाडूच्या वाट्याचं द्विशतक मोठं की संघाचा वेळ, हा मूल्यांचा प्रश्न आहे आणि तो कुठलाही विजय सोडवू शकत नाही.

दुसऱ्या खेळातला तोच वाद

बेसबॉलमध्ये हे सगळे निर्णय कर्णधार घेत नाही. ते मैदानाबाहेर बसलेला मॅनेजर घेतो. फलंदाजीचा क्रम तो सामन्याआधी लिहून देतो, आणि काढलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून तिथला वाद अधिक टोकदार असतो. बॉस्टन रेड सॉक्सचे ग्रेडी लिटल यांनी 2003 मध्ये न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला आठव्या डावात चालू ठेवलं. आघाडी गेली, सामना गेला, आणि पुढे लिटल यांची नोकरीही गेली. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बेचे केविन कॅश यांनी उलट केलं. ब्लेक स्नेल अप्रतिम फेकत होता, 73 चेंडूंत नऊ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले होते. तरी त्याला सहाव्या डावात काढलं आणि लॉस एंजेलिस डॉजर्स सामना आणि किताब घेऊन गेले. एकाने ठेवला म्हणून शिव्या, दुसऱ्याने काढला म्हणून शिव्या.

दोघांच्या मध्ये सतरा वर्षांचा अभ्यास होता. एकाच पिचरला फलंदाज तिसऱ्यांदा सामोरे जातात तेव्हा ते त्याला अधिक मारतात, हे आकड्यांनी दाखवलं होतं आणि कॅश त्याला धरून वागले. टीकाकारांचं म्हणणं, आकडा सर्व पिचरांचा होता, समोरचा माणूस त्या रात्री वेगळाच फेकत होता. ही खरी चर्चा आहे. सरासरी कधी पाळायची आणि डोळ्यांवर कधी विश्वास ठेवायचा? ‘मॅच-अप’च्या नावाखाली चांगला चाललेला फिरकीपटू डावखुऱ्यासमोर थांबवला जातो तेव्हा आपल्याही सामन्यांत नेमका हाच प्रश्न उभा असतो.

गहुंज्याचे धडे

आता घरच्या मैदानाकडे. गहुंज्याला भारताने दोन कसोटी गमावल्या, दोन्ही तीन दिवसांत. फेब्रुवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाने 333 धावांनी हरवलं. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत 35 धावांत प्रत्येकी सहा बळी घेतले आणि भारत 105 व 107 धावांत संपला. खेळपट्टीला आयसीसीने ‘खराब’ शेरा दिला. दुसऱ्या डावात दोन्ही सलामीवीरांनी सुरुवातीलाच दोन्ही रिव्ह्यू गमावले, त्याची चर्चा भरपूर झाली. पण सामना त्याहून आधी निसटला होता. पहिल्या दिवसापासून हातभर वळणारी खेळपट्टी पाहुण्या फिरकीपटूंनाही तितकीच साथ देते, आणि नाणेफेक हरली की पुढचं सारं अवघड होतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडने तोच धडा पुन्हा दिला. मिचेल सँटनरने सामन्यात 13 बळी घेतले, भारत 113 धावांनी हरला आणि घरच्या मैदानावर सलग अठरा मालिका जिंकण्याची परंपरा तुटली. या सामन्याची संघनिवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. कुलदीप यादवला बसवून, मालिका सुरू झाल्यावर संघात बोलावलेल्या वॉशिंग्टन सुंदरला घेतलं, यावर टीका झाली. त्याने पहिल्या डावात 59 धावांत सात आणि सामन्यात एकूण 11 बळी घेतले. म्हणजे ज्या निर्णयावर बोट ठेवलं गेलं तो अचूक ठरला, आणि संघ तरीही हरला. योग्य निर्णय आणि पराभव एकत्र नांदू शकतात, याचा याहून जवळचा दाखला पिंपरी-चिंचवडच्या प्रेक्षकाला मिळणार नाही.

जानेवारी 2017 मध्ये याच मैदानावर उलटं घडलं. इंग्लंडविरुद्ध 351 धावांचा पाठलाग, 4 बाद 63, आणि सहाव्या क्रमांकावर पुण्याचा केदार जाधव. विराट कोहलीच्या 122 आणि केदारच्या 120 धावांनी सामना फिरला. केदारला संघात ठेवण्याचा, त्या क्रमांकावर विश्वासाने खेळवण्याचा निर्णय सामन्याच्या कितीतरी आधी झाला होता. त्याची फळं एका रात्रीत दिसली.

आणि 31 जानेवारी 2025 ची टी-20. डोक्याला चेंडू लागलेल्या शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले; भारत 15 धावांनी जिंकला. फटकेबाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी पूर्ण वेगवान गोलंदाज कसा, असा प्रश्न इंग्लंडचा कर्णधार जोस बटलरने उघड विचारला. नियम ‘तशाच प्रकारचा’ बदली खेळाडू सांगतो. मंजुरी सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांची होती. भारताने मागितलं, अधिकाऱ्याने दिलं. माझ्या मते इथे भारतीय प्रेक्षकानेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं होतं की हा बदल समसमान नव्हता. आपला संघ जिंकला म्हणून प्रश्न विचारायचा नाही, ही सवय लागली की पराभवातले आपले प्रश्नही पोकळ वाटू लागतात. आयपीएलमध्ये 2023 पासून आलेल्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’ने तर बारावा निर्णयच कर्णधाराच्या आणि प्रशिक्षकाच्या ताटात वाढला आहे, आणि जबाबदारी कुणाची हे ओळखणं आणखी कठीण केलं आहे.

मोजायचं कसं?

कारखान्यातला शिफ्ट इनचार्ज दोन माणसं गैरहजर असताना कोणाला कुठल्या मशिनवर उभं करतो, हे दापोडीच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवशीचं उत्पादन घटलं म्हणून त्याची मांडणी चूक ठरत नाही. हाताशी कोण होतं आणि दुसरं काय करता आलं असतं हे विचारलं जातं. कर्णधारालाही एवढाच न्याय हवा.

म्हणून माझ्या लेखी प्रत्येक निर्णयाला तीन प्रश्न लावावेत. त्या क्षणी काय ठाऊक होतं? नाकारलेला पर्याय नेमका कोणता आणि त्याचा धोका काय होता? आणि ही वेळ येऊ नये म्हणून आधी कुठे काय करता आलं असतं? पहिल्या प्रश्नाने जोगिंदरचं षटक समजण्यासारखं ठरतं. दुसऱ्याने 2019 मधला सातवा क्रमांक टीकेस पात्र ठरतो. तिसऱ्याने गहुंज्याच्या दोन्ही पराभवांत बोट खेळपट्टीकडे आणि फिरकी खेळण्याच्या तयारीकडे जातं.

याच कसोटीवर अलीकडचा सर्वात आनंदाचा दिवस उतरतो. 2025 च्या महिला विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळलं, तेव्हा टीका झाली. जादा गोलंदाज हवा हे त्यामागचं कारण होतं. ती परतली, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात तिला तिसऱ्या क्रमांकावर जाण्याचा निरोप मैदानात उतरण्याच्या काही मिनिटं आधी मिळाला. तिने नाबाद 127 केल्या. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात जखमी प्रतीका रावलच्या जागी आलेल्या शफाली वर्माने 87 धावा केल्या, आणि हरमनप्रीत कौरने तिच्याच हाती चेंडू दिला तेव्हा तिने दोन बळी घेतले. प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. या यशात नशीब होतं, पण चूक दुरुस्त करण्याची तयारीही होती. वगळलेल्या खेळाडूला परत आणून मोठी जागा देणं सोपं नसतं. त्यासाठी आधीचा निर्णय बदलावा लागतो.

प्रेक्षकाकडे एक मोठी ताकद आहे, ती स्मरणाची. निवड समित्या बदलतात, प्रशिक्षक जातात, पण नाक्यावरच्या माणसाला 1996 ही आठवतं आणि 2024 ही. ही आठवण निकालांच्या यादीपुरती ठेवण्यापेक्षा निर्णयांच्या कारणांसाठी वापरली, तर मंडळाला आणि संघ व्यवस्थापनालाही कारणं सांगावी लागतील. संघ जाहीर झाल्यावर कुणाला का वगळलं हे स्पष्ट सांगण्याची प्रथा आपल्याकडे अजून पक्की नाही. ती मागण्याचा हक्क तिकीट काढून उन्हात बसणाऱ्या प्रेक्षकाचा आहे. दापोडीचा वाद पुढच्या पराभवानंतरही रंगेल, रंगायलाच हवा. त्याची सुरुवात ‘शेवटची ओव्हर कुणाला’ने होण्याऐवजी ‘संघ कसा निवडला, खेळपट्टी कुणी मागितली, षटकं कशी राखली’ने झाली, तर तो वाद खेळाच्या कामी येईल.